माणसं आणा, बोनस घ्या!

'रेफरल बोनस' हे दोन शब्द ऐकून ज्याचे कान टवकारत नाहीत, असा माणूस आपल्या कुठल्याही ऑफिसात सापडणार नाही. कॉलेजचा मित्र, शाळेतली बेंचमेट, मावसबहिणीचा नवरा, जिममध्ये शेजारच्या ट्रेडमिलवर धावणारा अनोळखी प्राणी... 'तुझा सीव्ही पाठव ना!' हे वाक्य आपण कुणालाही ऐकवतो. त्यातला एखादा लागलाच, तर आपला गोव्याचा वीकेंड सुटला!

मी स्वतः एचआरमध्ये आहे. त्यामुळे हे दुकान मी रोज आतून बघते. आमचे नियम साधे आहेत. तुम्ही आणलेला माणूस इंटरव्ह्यू देणार, सिलेक्ट होणार, तीन महिने टिकणार. मगच तुमच्या पगारात बोनस जमा. कंपनीला कन्सल्टंटची फी वाचते, तुम्हाला पैसे मिळतात, मित्राला नोकरी मिळते. सगळे खूश. फंडा एकदम क्लिअर!

हाच फंडा गेल्या दिवाळीनंतर आमच्या नांदगावात पोचला. आणि कुणापर्यंत, तर माझ्या चौसष्ट वर्षांच्या काकांपर्यंत. तेव्हा मात्र माझं एचआरचं डोकं वेगळ्या दिशेने चालायला लागलं.

तिठ्यावरचे काका

आमचं नांदगाव म्हणजे सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं. मुंबईहून निघालात की मुंबई-गोवा हायवेवर कणकवलीच्या अलीकडे नांदगाव तिठा लागतो. तिथून देवगडचा रस्ता फुटतो. कोकण रेल्वेवर 'नांदगाव रोड' नावाचं छोटंसं स्टेशनही आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जायचो, तेव्हा तिठा म्हणजे चहाची टपरी, एसटी आणि आंब्याचे टेम्पो. त्यानंतर बरंच काही झालं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली होतीच, मग हायवे चौपदरी झाला, २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर विमानं उतरायला लागली. आणि मुंबई-पुण्यातल्या लोकांना एकदम साक्षात्कार झाला की आपल्याला कोकणात 'छोटीशी जागा' हवी आहे!

काका एकतीस वर्षं लोअर परळच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होते. रिटायर झाले आणि काकूला घेऊन गावी गेले. खासगी नोकरीतल्या माणसाची पेन्शन म्हणजे पीएफबरोबर येणारी ईपीएस-९५. या योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये असावी, हे ठरायलाच २०१४ साल उजाडलं. त्यावरून अंदाज करा. काकांना तीन हजारांच्या आत काहीतरी मिळतात. आपलं एका वीकेंडचं बिल!

पण काकांकडे एक गोष्ट होती. अकाउंट्सवाल्याची नजर. गावात गेल्यावर लोक त्यांच्याकडे कागद घेऊन यायला लागले. 'हो फेरफार वाचून सांगा.' 'आमच्या आज्याचा नाव खय असा बघा.' त्यातूनच एखाद्याची जागा कुणाला तरी दाखवणं सुरू झालं. वर्षाला दोन, फार तर तीन व्यवहार. दस्त झाला की दोन्ही बाजू खुशीने काय देतील ते घ्यायचं. बाकी वेळ काजू, आंबा, भजन आणि तिठ्यावरचा चहा. इंग्रजीत ज्याला सेमी-रिटायर्ड म्हणतात, ते हेच. काका त्याला 'बसल्याबसल्या' म्हणतात.

एका डोक्यामागे पाच हजार

तर या काकांना कणकवलीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. बोलावणारी कंपनी म्हणजे रिअल इस्टेटची फ्रँचायझी. नाव देत नाही, कारण मुद्दा तो नाहीच. प्रोजेक्टर, पडद्यावर निळंशार आभाळ, त्यात उडणारे पक्षी, चहाबरोबर समोसा. समोर बसलेले बहुतेक साठीच्या आसपासचे. रिटायर्ड मास्तर, रिटायर्ड बँकवाले, काकांसारखे परतलेले चाकरमानी.

रात्री काकांचा फोन आला. आवाजात जाम उत्साह.

''गो, माका नोकरी लागली! घरां इकूची नाय, जागा दाखवूची नाय. फकस्त माणसां आणूची!''

स्कीम अशी होती. काकांनी नवा एजंट आणायचा. त्या एजंटने पंधरा हजार रुपये भरायचे. त्यात त्याला ट्रेनिंग, व्हिजिटिंग कार्ड, कंपनीचा टी-शर्ट आणि मोबाइल अॅप. काकांना प्रत्येक डोक्यामागे पाच हजारांचा 'सीनिअर वेलकम बोनस'. शिवाय त्या एजंटने पुढे व्यवहार केला, तर त्याच्या दलालीतला छोटा वाटा. आणि त्याने आणखी माणसं आणली, तर त्यातलाही. पडद्यावर गणित मांडलं होतं: तुम्ही दहा आणा, ते दहा-दहा आणतील.

काकांना हे का आवडलं, ते मला लगेच कळलं. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. दहा माणसं म्हणजे पन्नास हजार. शिवाय कार्डावर नाव येणार, खाली 'सीनिअर मेंटॉर'. रिटायर झाल्यापासून काकांना कुणी कार्ड छापून दिलेलं नाही. पैशाइतकंच ते कार्डही महत्त्वाचं असतं, हे तुमच्या घरात रिटायर्ड माणूस असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून मी फोनवर 'काका, फ्रॉड आहे हो' असं म्हटलं नाही. म्हटलं, ''काका, चार दिवस द्या. मी जरा बघते.''

अमेरिकेत हे कसं चालतं

बघायला बसले, तर कळलं की ही कल्पना काही कणकवलीच्या हॉटेलात जन्मलेली नाही. अमेरिकेत घरं विकणारे एजंट बहुतेक करून पगारावर नसतात. घर विकलं तर कमिशन, नाही तर हात हलवत घरी. १९७३ मध्ये डेन्व्हरला सुरू झालेल्या रीमॅक्सने एक वेगळा खेळ मांडला. कमिशन जवळपास सगळं एजंटने ठेवावं आणि ऑफिसला ठरावीक फी द्यावी. म्हणजे ऑफिसचं उत्पन्न कशावर अवलंबून? किती एजंट आहेत यावर! मग प्रत्येक ऑफिसला चांगल्या एजंटांची भूक लागणारच.

१९८३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला केलर विल्यम्स सुरू झाली. त्यांच्याकडे तुम्ही आणलेल्या एजंटमुळे ऑफिसला नफा झाला, तर त्यातला वाटा तुम्हाला मिळतो. सात पातळ्यांपर्यंत. ठरावीक वर्षं पूर्ण केली की काम थांबवल्यावरही वाटा चालू राहतो. २००९ मध्ये आलेल्या ईएक्सपी रिअल्टीनेही सात पातळ्यांची पद्धत ठेवली, फक्त वाटा नफ्यातून न काढता उत्पन्नातून काढला.

आता विचार करा, हे कुणाला सगळ्यात जास्त सोयीचं? ज्याला गिऱ्हाइकांना घेऊन जिने चढण्याचा कंटाळा आलाय, पण ज्याच्या डायरीत तीस वर्षांचे नंबर आहेत, त्याला. तिथल्या सेमी-रिटायर्ड एजंटसाठी हा वाटा म्हणजे एक प्रकारची पेन्शनच. ज्या धंद्यात पेन्शन नावाची गोष्टच नाही, तिथे हे काही वाईट नाही. मला तर ती आयडिया सही वाटली.

पण दोन गोष्टी नजरेत भरल्या. पहिली म्हणजे वाटा मिळतो तो कुणीतरी खरोखर घर विकल्यावर. नुसता माणूस आणून बसवला आणि त्याने वर्षभर एकही घर विकलं नाही, तर या वाट्यात तुमच्या पदरी भोपळा. दुसरी गोष्ट म्हणजे ही 'आयुष्यभराची' मिळकतही दगडावरची रेघ नसते. केलर विल्यम्सने २०२३ मध्ये नियम बदलला आणि प्रतिस्पर्धी कंपनीत गेलेल्या जुन्या एजंटांच्या वाट्याला मोठी कात्री लावायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे ही अवस्था, तर कणकवलीच्या समोसा-पार्टीत दिलेल्या शब्दाचं काय?

सातबाऱ्यावरची गर्दी

तुम्ही म्हणाल, असेना का! पंधरा हजारच तर आहेत. एखाद्या पोराला धंदा मिळत असेल तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण कोकणातली जागा म्हणजे पवईतला टू बीएचके नव्हे. आमच्याकडे अर्ध्या एकराच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं सहज असतात. त्यातला एक भाऊ नालासोपाऱ्यात, बहीण बडोद्यात, पुतण्या दुबईत आणि दोघांची वारसनोंदच झालेली नाही. कागदावर कूळ आहे का, जांभ्या दगडाचा गडगा नेमका कुणाच्या हद्दीत आहे, वाट आहे की नुसती वहिवाट... हे सगळं अॅपवर दिसत नाही. त्यात १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या-माझ्यासारख्याने 'सी-व्ह्यू फार्महाउस' म्हणून टोकन दिलं आणि नंतर कळलं की नावावरच होत नाही, तर? टोकन घेणारा कोण? तोच नवा पोरगा, टी-शर्टवाला.

आणि कायदाही आता पूर्वीसारखा ढिला राहिलेला नाही. रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. साधारणपणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर तो प्रोजेक्ट महारेराकडे नोंदवावा लागतो. आणि तो विकून देणारा एजंटही नोंदणी केलेलाच लागतो. एकट्यादुकट्या एजंटला नोंदणीची फी दहा हजार, मुदत पाच वर्षं. नोंदणी नसताना प्लॉट विकून दिला, तर दिवसाला दहा हजार रुपये दंड. तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. ती न देणाऱ्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ च्या अखेरीस स्थगित केली.

काकांचे जुने व्यवहार, म्हणजे एखाद्याचं जुनं घर, एखाद्याची वडिलार्जित जागा, या चौकटीत येत नाहीत. पण फ्रँचायझीला विकायचे होते ते हायवेजवळचे प्लॉटच. म्हणजे नव्या पोराला पंधरा हजारांच्या पॅकेजवर आणखी दहा हजार नोंदणीचे, परीक्षेचा खर्च वेगळा. हे पडद्यावरच्या निळ्या आभाळात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवारचा फोन

रविवारी मी काकांना फोन लावला. नेहमीसारखं ''काय गो, जेवलंस?'' झालं. मग मी विचारलं, ''काका, पहिला कुणाला आणणार?''

त्यांचं ठरलेलं होतं. आमच्या वाडीतलाच एक मुलगा. बीकॉम झालेला, दोन वर्षं कणकवलीत एका दुकानात हिशेब लिहितोय. काकांनी नुसतं सुचवलं, तर तो लगेच तयार झाला. पंधरा हजार त्याची आई बचत गटातून कर्ज काढून देणार होती.

''काका, आमच्या ऑफिसात मी माणूस आणला तर मला बोनस कोण देतं?''

''कंपनी.''

''आणि आलेल्या माणसाला?''

''पगार.''

''मग इथे तुमचे पाच हजार कोण देणार?''

पलीकडे शांतता. काका अकाउंट्सचे. एकतीस वर्षं जमा आणि नावे याच दोन बाजू बघितलेल्या. मला पुढे काही बोलायची गरजच पडली नाही.

''म्हणजे त्या पोराच्या पंधरातले पाच माझे,'' ते हळूच म्हणाले. मग थोड्या वेळाने, ''त्येचे पैसे गेले तर त्येच्या आवशीक मी काय तोंड दाखवू?''

तेवढ्यात मागून काकूचा आवाज, ''आणि ती दहा माणसां खयसून आणतलास? माणसां म्हणजे काय आंब्याच्यो पेट्यो?''

हा हिशेब काकूने एका वाक्यात संपवला. दहाचे शंभर, शंभराचे हजार... अख्ख्या पंचक्रोशीत सगळेच एजंट झाल्यावर जागा घेणार कोण? आपल्याकडे अशा साखळ्यांविरुद्ध कायदा आजचा नाही. नवीन सभासद भरती करून झटपट पैसा कमवायच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड स्कीमला मनाई आहे. कणकवलीतली ती स्कीम यात बसते की नाही, हे ठरवायचा अधिकार माझा नाही. पण सभासदाच्या खिशातूनच बोनस निघतोय म्हटल्यावर काकांना वकिलाची गरज वाटली नाही.

ते दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाला भेटले. म्हणाले, ''मला डोक्यामागचे पाच हजार नकोत. त्या मुलाकडून काही घेऊ नका. त्याने खरोखर व्यवहार केला, दस्त नोंदवला, तर त्यातला वाटा द्या.'' समोरच्याने गोड हसून सांगितलं की सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.

काकांनी फॉर्म भरला नाही.

ट्रेनिंग, नांदगाव स्टाइल

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीही नसती. मुलगा मात्र हिरमुसला. त्याला त्या दुकानातून बाहेर पडायचंच होतं. मग काकांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून फिरवायला सुरुवात केली. तलाठ्याकडे, भूमी अभिलेखच्या ऑफिसात, रजिस्ट्रारकडे. पहिल्याच दिवशी त्याने कार्डाचं विचारलं, तर उत्तर मिळालं, ''सातबारो वाचूक शीक आधी. कार्ड मागसून छापूया.''

आता तो महारेराच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. वारसनोंद राहिलेल्या तीन कुटुंबांचे कागद त्याने एकट्याने जमवले. त्यातल्या एका घराचा व्यवहार यंदा मार्चमध्ये झाला. दलाली आली ती दोघांत निम्मी-निम्मी. मुलाने पहिला हप्ता आईच्या हातात ठेवला. बचत गटाचं कर्ज काढावंच लागलं नव्हतं, त्यामुळे तो घरातच राहिला.

काकूचा गुडघा मात्र अजून दुखतोय. तो पन्नास हजारांचा खड्डा कुणीही भरून काढलेला नाही. आम्ही चुलत-आते भावंडांनी मिळून पैसे काढायचं ठरवलंय आणि काका 'बघूया' म्हणून विषय टाळतायत. नको म्हणण्याची किंमत असते. ती काकांनी मोजली, आणि काकूनेही. म्हणूनच मला त्या 'नाही'चं जास्त वाटतं.

तुमच्या बाबांनाही फोन येईल

येईलच. कारण आपल्या आई-बाबांच्या पिढीतले लोक आता धडाधड रिटायर होतायत. त्यांच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत आणि शब्दाला वजन आहे. रिअल इस्टेट असो, विमा असो, आणखी काही असो, प्रत्येक कंपनीला नेमकं तेच हवंय. तेव्हा लगेच 'बाबा, यात पडू नका' म्हणून फोन आपटू नका. त्यांना काम हवंय, आणि ते हवं असणं बरोबर आहे. त्यांच्याबरोबर बसून एवढं विचारा:

बोनस कशातून येतो? विक्रीतून की भरतीतून? विक्री शून्य झाली तरी बोनस मिळत असेल, तर तो कुणाच्या तरी खिशातून निघतोय.

आत येणाऱ्याला पैसे भरावे लागतात का? भरावे लागत असतील तर किती, कशासाठी, आणि परत मिळतात का?

नोंदणी कुणाच्या नावावर आहे? महारेराच्या वेबसाइटवर एजंटचा आणि प्रोजेक्टचा नंबर दोन मिनिटांत तपासता येतो. व्यवहार फसला तर सही कुणाची असेल?

बाबांनी काम थांबवलं तर वाटा चालू राहतो का? त्यांच्या पश्चात आईला मिळतो का? नियम बदलायचा अधिकार कुणाकडे आहे? उत्तर तोंडी नको, करारात हवं.

आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याच फॉर्मवर नसतो. ज्याला आणायचंय, त्याच्या घरी उद्या चहाला जाता येईल का?

आपण शहरात लिंक्डइनवर पाचशे कनेक्शन्स जमवतो आणि त्यातल्या साडेचारशे जणांना रस्त्यात ओळखतही नाही. त्यांना रेफर करताना आपलं काही जात नाही. नांदगावात काकांनी ज्याला 'ये' म्हटलं, तो त्यांच्या भरवशावर येतो आणि उद्या, परवा, पुढची वीस वर्षं तिठ्यावर त्यांना भेटत राहतो. कंपनी त्या भरवशाचे पाच हजार देत होती. काकांच्या हिशेबात तो भाव फारच कमी निघाला.